एकामागे एक दोन दारं

सापगावचा रस्ता नदीकडे वळायच्या आधी डाव्या हाताला एक पायवाट उतरते. गावापासून सुटी, स्वतःच्याच शेतात, तिथे दोन भावांची दोन घरं होती. थोरला देवजी, धाकटा शेखर. दोघांत तेरा वर्षांचं अंतर. आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा शेखरला दुधाचे दातही पडले नव्हते. देवजीनं मग घाईघाईनं लग्न केलं, घरात बाईमाणूस हवं म्हणून. मैना नवरी होऊन उंबऱ्यात आली आणि पहिल्याच दिवशी तिनं काय केलं असेल, तर दाराआड उभ्या सात वर्षांच्या दिराचं नाक पदरानं पुसलं. शेखर मोठा झाला तरी ही गोष्ट ती सगळ्या पाहुण्यांना सांगायची आणि शेखर दर वेळी लाजायचा.

शेत होतं, पण एका भातपिकावर वर्ष निघत नव्हतं. शहाऐंशी साली देवजीनं शेताच्या कडेला वीटभट्टी लावली. दिवाळी झाली की माती भिजायची, साचे पडायचे, माघात पहिली भट्टी पेटायची आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत एकामागून एक पेटत राहायची. त्या विटांवर शेखरचं आयटीआय झालं, लग्न झालं, देवजीची मुलगी सुगंधा मुरबाडकडे धसईला दिली गेली. शेखरला कल्याणच्या एका ठेकेदाराकडे काम लागलं. थंड गोदामं बांधायचं. मासळीची, आंब्याची, औषधांची. भिंतीला थर्माकोलच्या लाद्या चिकटवायच्या, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, वर डांबर, दाराला रबराची पट्टी. आतली थंडी बाहेर आणि बाहेरची उष्णता आत जाता कामा नये. आसनगावहून लोकलनं तो रोज जायचा, रोज यायचा. काम चोख. त्यानं बंद केलेल्या भिंतीतून वारा काय, मुंगीही जात नाही, असं ठेकेदार म्हणायचा.

चौऱ्याण्णवला वैष्णवी झाली. तिसऱ्या वर्षी तिला दमा लागला.

पावसाळ्यात पोरगी बरी असायची. भट्टी पेटली की बिघडायची. भाताचं तूस आणि कोळसा धुमसायला लागला की तो धूर जमिनीलगत सरकत यायचा आणि पोरीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. शेखरची बायको अनिता तिला उभी धरून बसायची, कारण आडवी केली की श्वास अडकायचा. मैना धावत यायची, पोरीच्या पाठीवर तळहात ठेवून दम मोजायची आणि म्हणायची, "शेखर, गाडी काढ." मोटारसायकलवर मधे पोरीला घेऊन नवराबायको शहापूरचा दवाखाना गाठायचे. एका हिवाळ्यात असे अकरा वेळा गेले.

शेवटी शेखरनं भावाजवळ विषय काढला. "दादा, भट्टी जरा पल्याड नाय का नेता येणार?"

देवजीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "पल्याड जागा आपली कुठं हाय? पाणी हितं, माती हितं. आनि बंद केली तं खायाचं काय? तुजी नोकरी हाय. माजं काय?"

यात चुकीचं काहीच नव्हतं. शेखरलाही ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त चीड आली.

त्यानं ठरवलं, भट्टी हलत नाही तर घर असं बांधायचं की धूर आत येणारच नाही. जे आपण मासळीसाठी करतो ते पोरीसाठी का करू नये? दोन हजार एकच्या पावसाळ्यात त्यानं वहीवर नकाशा काढला. देवजीला कुणाकडून तरी कळलं आणि तो स्वतः आला, हातात दोन विटा घेऊन. एकीवर एक आपटून त्यानं वाजवून दाखवल्या. काशाच्या भांड्यासारखा आवाज निघाला.

"आइक कशी वाजतेय. ह्या भट्टीतली निवडून ठेवलीय तुज्यासाठी. एक तुकडा नाय मिळायचा त्यात."

"दादा, मी सिमेंटचे ब्लॉक आणतोय. दुहेरी भिंत घालायची, मधे थर्माकोल."

"मंग विटंची घाल दुहेरी. कोण नको म्हनतंय?"

खरं तर विटेचीही चालली असती. शेखरला ते देवजीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण आदल्या वर्षीचे ते अकरा फेरे त्याच्या डोक्यात होते, आणि तोंडातून गेलं ते गेलंच. "ज्या विटांनी माझ्या पोरीचा श्वास ओढून घेतला, त्याच घराला लावू?"

देवजीनं हातातल्या दोन विटा खाली ठेवल्या. टाकल्या नाहीत, नीट एकावर एक ठेवल्या. आणि गेला. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

घर दिवाळीच्या आत उभं राहिलं. पायाखाली डांबर, भिंती दुहेरी, छतावर थर्माकोल आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे, ऊन परतवायला. खिडक्या थोड्या आणि लहान, दुहेरी काचेच्या, न उघडणाऱ्या. भट्टीच्या बाजूची, म्हणजे देवजीच्या घराकडची भिंत सलग. दारं एकामागे एक दोन. बाहेरचं पत्र्याचं, चार बोटं जाड, एका गोदामाच्या कामातून उरलेलं. मग हातभर जागा, तिथे चपला काढायच्या, कपडे झटकायचे, बाहेरचं दार घट्ट लावायचं आणि मगच आतलं उघडायचं. श्वासाला हवा हवी म्हणून नदीच्या बाजूने जमिनीत चार हात खोल पाइप पुरून आणला होता. मातीच्या गारव्यातून, कापडाच्या जाळीतून ती हवा आत यायची आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंखा ती खेचायचा. सगळं झाल्यावर शेखरनं उदबत्ती पेटवली आणि दोन दिवस प्रत्येक सांध्यासमोर धरत फिरला. धूर जिथे जरासा वाकेल तिथे फट. फट सापडली की भरायची. शेवटी उदबत्ती कुठेही धरली तरी धूर दोरीसारखा सरळ वर जायला लागला. तेव्हा तो खाली बसला आणि पहिल्यांदाच घराकडे घरासारखं पाहिलं.

गावानं घराचं नाव थर्मास ठेवलं. लोक बघायला यायचे. मे महिन्यात भर दुपारी आत आले की अंगावर काटा यायचा, आणि पंखा तर छताला नव्हताच. "शेखरनं पोरीला बरफात घातली," असं नवसू म्हणायचा. नवसू गावातला टेम्पोवाला, जिभेला हाड नसलेला पण मनाचा चांगला माणूस.

पण थर्मासनं काम केलं. त्या हिवाळ्यात दवाखान्याचा फेरा एकच झाला, तोही पोरगी शाळेतून धुरात चालत आली म्हणून. वैष्णवी आडवी होऊन झोपायला लागली. पहिल्यांदा ती पालथी, पाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपलेली दिसली तेव्हा अनिता तिच्याकडे बघत उभ्याउभ्या रडली.

अनितालाच घराचा एक त्रास व्हायचा, तो तिनं एकदाच बोलून दाखवला. "काय पण ऐकू येत नाय हो आत. जुन्या घरात वयनी भाकऱ्या थापायला लागल्या तरी मला कळायचं. आता बाहेर पाऊस हाय का नाय ते पण दार उघडून बघायला लागतं."

शेखरनं दाराला बेल बसवून दिली. "कुणी आलं तर दाबतील," म्हणाला.

मैना यायची. नवरा बोलत नसला तरी ती यायची, बेल दाबायची, दोन दारांच्या मधे उभी राहून पदर झटकायची आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून बघायची. देवजी मात्र कधी आला नाही. बांधावर समोरासमोर आले तर दोघंही खाली बघत जायचे. अशी साडेतीन वर्षं गेली.

दोन हजार पाचच्या मार्चमधला रविवार. रविवार म्हणजे भट्टीवरच्या माणसांचा बाजाराचा दिवस, सगळी शहापूरला गेली होती. मैना आदल्या दिवशीच धसईला लेकीकडे गेली होती, नातवाच्या जावळाला. दुपारी बाराला लोडशेडिंग सुरू झालं, ते चारपर्यंत चालायचं. वैष्णवी आदल्या दिवशी एका लग्नाच्या मांडवात धूर खाऊन आली होती, रात्रभर तिला झोप नव्हती. जेवणं झाल्यावर ती झोपली, तिच्या शेजारी अनिता, आणि पलीकडच्या खोलीत शेखरही आडवा झाला. हवेचा पंखा बॅटरीवर गुणगुणत होता. आत गार होतं. तिघांनाही गाढ झोप लागली.

चारला वीज आली आणि पाठोपाठ बेल वाजली. शेखर डोळे चोळत गेला, दोन्ही दारं उघडली. नवसू होता. त्याचा श्वास चढला होता.

"शेखर, चल. देवजीला पान लागलंय. नाग. विटंच्या वाळवणावरचं गोणपाट उचललं त्याच्याखाली व्हता. रस्त्याला पडला व्हता बिचारा, किती येळ कोन जाने. मी घातला टेम्पोत, शहापूरला पोचवला. तुला सांगायला आलो."

शेखरनं किल्ली घेतली, मोटारसायकल काढली. नवसू आपल्या टेम्पोकडे पळाला. गाडी चालू करून दार ओढून घ्यायला शेखर मागे वळला आणि थांबला.

बाहेरच्या राखाडी दारावर मातीचे हात होते. विटेच्या ओल्या मातीचे, अर्धवट वाळलेले. छातीच्या उंचीवर दोन, स्पष्ट, पाची बोटं. त्याच्या खाली अजून, घसरलेले. बेलच्या बटणावर मातीचा ठिपका. आणि अगदी खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, एक शेवटचा.

देवजी आला होता. साडेतीन वर्षांनी भावाच्या दाराशी आला होता आणि त्यानं बेल दाबली होती. करंट नव्हता. मग त्यानं दार वाजवलं होतं. चार बोटं जाड दार, त्याच्यामागे हातभर हवा, त्याच्यामागे दुसरं दार. हाकही मारली असेल. नाग चावलेल्या माणसाची जीभ लवकर जड होते, पण सुरुवातीला तरी मारली असेल.

शेखर दवाखान्यात पोचला तेव्हा देवजी संपला होता. डॉक्टर तरुण होता, त्याला काही ठाऊक नव्हतं, तो सरळपणे म्हणाला, "फार उशीर झाला हो. तासभर आधी आणलं असतं तर वाचले असते." सापगाव ते दवाखाना, मोटारसायकलनं पंधरा मिनिटं.

दिवस मावळताना शेखर धोतर आणि चादर न्यायला घरी आला. अनिता पोरीला घेऊन देवजीच्या घरी बसायला गेली होती, गावातल्या बायका जमत होत्या. दाराशी कुणी नव्हतं. शेखरनं बादलीत फडकं भिजवलं आणि ते हात पुसले. लपवायचं म्हणून पुसले असंही म्हणता येणार नाही. त्याला ते बघवत नव्हते. माती पाण्यानं लालसर ओघळली, ती त्यानं परत पुसली, मग उंबरा पुसला. पण पुसले, हे खरं. आणि पुसल्यावर मग सांगणं अवघड झालं.

दुसऱ्या दिवशी मैना आली, लेकीच्या खांद्यावर भार टाकून. तिला काय झालं ते वाटेतच कळलं होतं. अंगणात आली, भट्टीकडे बघितलं, शेखरच्या घराकडे बघितलं, आणि तिचा आक्रोश उसळला.

"दहा पावलांवर भावाचं घर! दारात गाडी! आनि ह्यो गडी रस्त्याला गेला! मरताना पन भावाच्या दारात जायाचं नाय? येवडा ताठा? अरे, येवडा ताठा कसला रे तुला?"

बायकांनी तिला धरलं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. देवजी हट्टी होताच, सगळ्यांना ठाऊक होतं. शेखर पुरुषमाणसांत बसला होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर त्या वेळी उघडता आलं असतं. त्यानं खाली मान घातली, आणि लोकांना वाटलं, भावाच्या दुःखानं घातली.

पुढची दोन वर्षं शेखरनं मैनाचं काय केलं नाही ते विचारा. लावणीला, कापणीला सुट्टी काढून तिच्या शेतात राबला. तिचं घर शाकारून दिलं, पाण्याची मोटर बसवून दिली. भट्टीची जागा तिनं खंडानं दिली, तो व्यवहारही त्यानंच बघितला. मैना म्हणायची, "तू हायेस म्हनून मी हाय, शेखर." आणि हे ऐकलं की त्याला जेवण जायचं नाही. अनिताला वाटायचं, भावाचा घोर घेतलाय. तिनं कधी खोदून विचारलं नाही.

मैनाचा मात्र मेलेल्या नवऱ्यावरचा राग गेला नाही. तिनं त्याचा फोटो लावला नाही. सुगंधानं मोठा करून आणलेला फोटो फडताळात कपड्यांखाली पडून होता. कुणी देवजीचं नाव काढलं की ती म्हणायची, "हट्टानं मेला तो. मला हट्टानं उघडी टाकली." तीस वर्षांचा संसार त्या एका दुपारनं तिच्यासाठी वाईट करून ठेवला होता.

दोन हजार सातची सर्वपित्री अमावस्या. मैनानं देवजीचं पान वाढलं, भात, वडे, भोपळ्याची भाजी, आणि अंगणात नेऊन ठेवलं. वैष्णवी तिच्यासोबत होती. तेरा वर्षांची झाली होती. कावळा येईना. मैना पानाकडे बघत म्हणाली, "खा. भावाचं दार नको व्हतं ना तुला? मंग माजं तरी खा."

वैष्णवी घरी आली आणि तिला धाप लागली. पाऊस सरत आला होता, भट्टी पेटायला अजून महिने होते, हवेत धुराचा मागमूस नव्हता. अनिता गावात गेली होती. शेखरनं पोरीला दम्याचा पंप दिला, पाठीमागे उशी लावली. जरा दम बसल्यावर ती म्हणाली, "पप्पा, मोठे बाबा आलेले."

"कधी?"

"त्या दिवशी. मला ठक ठक ऐकू आलं होतं. मी जागी होते थोडी." ती थांबली, श्वास घेतला. "मला वाटलं, विटा उतरवतायत. मग परत आलं. मग मला वाटलं, कोणीतरी दार वाजवतंय. पण तुम्ही सांगितलेलं ना, छाती भरलेली असली की दाराजवळ जायचं नाय. धूर येतो. म्हणून मी उठले नाय. मग ते बंद झालं."

शेखरच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की म्हणावं, बाळा, तुला स्वप्न पडलं असेल. शब्द जिभेवर आले होते. पण पोरगी त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दम्याची नव्हती, हे त्याला त्या क्षणी दिसलं. अडीच वर्षं ती हे एकटी घेऊन फिरत होती. अकरा वर्षांची असल्यापासून.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "दारावर दादाचे हात उमटलेले होते. मी पुसून टाकले. मी कुणाला सांगितलं नाय."

वैष्णवी लहानपणी बसायची तशी त्याला टेकून बसली. शेखरला रडू आलं, पण पोरीचा भार अंगावर होता म्हणून त्यानं अंग हलू दिलं नाही.

"तू यातलं काही ऐकलं नव्हतंस," तो थोड्या वेळानं म्हणाला. "कळलं? जे सांगायचं ते मी सांगतो. तुझं नाव यात कुठंच नाय."

सकाळी कामावर न जाता तो मैनाच्या घरी गेला. ती अंगणात उडीद निवडत बसली होती. "आज टाइम झाला नाय का तुजा? लोकल चुकली?" ती म्हणाली.

"वयनी, दादा माझ्या दारात आला होता."

सूप तिच्या मांडीवर होतं. तिनं ते खाली ठेवलं नाही.

शेखरनं सगळं सांगितलं. हात, बेलवरची माती, खालचा तो शेवटचा हात, भिजलेलं फडकं. पोरीचं नाव घेतलं नाही. "आम्ही तिघं आत झोपलो होतो," एवढंच म्हणाला. "मला काय ऐकू आलं नाय. मी घरच असं बांधलं."

एक कोंबडी आली, सुपातले दाणे टिपायला लागली, मैनानं तिला हाकललंही नाही.

"हाक मारली असंल का त्यानं?" तिनं विचारलं.

"मारली असणार."

"काय म्हनून मारली असंल? शेखर म्हनून का शेख्या म्हनून?"

लहानपणी देवजी त्याला शेख्या म्हणायचा.

"तू दार नाय उघडलंस त्याचं मला येवडं नाय," मैना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "झोपल्या मानसाला काय कळतंय. पन अडीच वर्सं मी त्याला शिव्या घातल्या. पान वाढताना घातल्या. त्याचा फोटो मी चिंध्यांत ठेवला. तू हितं बसून भात खाल्लास, माज्या हातचा, आनि आइकत व्हतास."

"वयनी..."

"तुला ठावं हाय, भट्टी पेटवायच्या आधी तो काय करायचा? मूठभर तूस घ्यायचा नि वर उडवायचा. वारा तुज्या घराकडं असला तं पेटवायचा नाय. चार चार दिस थांबायचा. भरलेली भट्टी तशीच ठेवून. दोन टायमाला अवकाळी पाऊस आला नि कच्ची वीट सगळी चिखल झाली. मी भांडले. मला म्हनला, पोर मोठी होस्तोवर चालंल. तुला सांगू नको म्हनला." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी तरी कसं इसरले रे हे? ताठ्याचा मानूस असं करतो का? तू बोलला नायस, नि मी इसरले."

शेखर तिच्या पायांकडे वाकला. तिनं पाय मागे घेतले.

"आता जा," ती म्हणाली. "माज्याच्यानं तुज्याकडं बगवत नाय."

त्याच आठवड्यात देवजीचा फोटो भिंतीवर लागला, हार घातलेला. आणि दिवाळी झाल्यावर मैना धसईला लेकीकडे गेली, कायमची. जाताना अनिताला भेटली, वैष्णवीच्या पाठीवर हात ठेवला. शेखर बांधावर उभा होता. ती त्याच्यासमोरून गेली, पण थांबली नाही.

खंडानं भट्टी घेतलेला माणूस वाऱ्याकडे बघत नसे. त्याचं काम रेटून चालायचं, धूर जाईल तिकडे जावो. थर्मासच्या आत मात्र काही कळायचं नाही. शेखर संध्याकाळी घरी आला की बाहेरच्या ओट्यावरच बसायला लागला, धुरात, खोकत. अनिता सांगून थकली. बेल काढून त्यानं दाराला पितळी घंटा लावली, दोरीची, मंदिरात असते तशी. ती दोन दारांतूनही आत ऐकू यायची. वाजवायला फारसं कुणी यायचं नाही.

मैनाच्या वाट्याचं शेत तोच करत होता. पहिल्या वर्षी कापणी झाल्यावर नव्या तांदळाचं पोतं मोटारसायकलला बांधून तो मुरबाडमार्गे धसईला गेला. सुगंधानं पाणी दिलं, चहा दिला. मैना मागच्या अंगणात होती, पुढे आली नाही. तो तासभर बसला आणि परत आला.

पुढच्या वर्षी वैष्णवी म्हणाली, मी पण येते. दहावीला होती. पोरीचा आवाज कानावर गेल्यावर मैना बाहेर आली. केस पुष्कळ पांढरे झाले होते. पोरीला तिनं पाठमोरी केलं, तळहात दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला, डोळे मिटले आणि मोजत राहिली. "मोकळा हाय," म्हणाली. मग तिला घरात घेऊन गेली, जेवायला वाढलं. शेखरचं ताट सुगंधानं ओट्यावर आणून दिलं. भात कुणी शिजवला ते त्याला पहिल्या घासाला कळलं. त्यानं ताट निपटून खाल्लं, आणि धुवून ठेवलं.

निघायच्या वेळी मैना आतून आली. तिनं पोतं रिकामं केलं होतं, झटकलं होतं, चौपदरी घडी घातली होती. ते तिनं गाडीच्या सीटवर ठेवलं. शेखरच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"पोतं ने," ती म्हणाली. "पुडल्या वर्साला लागंल."